सगळे आल्याशिवाय जेवण नाही

खामगावला आम्ही राहतो त्या बिल्डिंगमध्ये पार्किंगवरून माझी नेहमी टिंगल होते. सगळ्यांच्या गाड्या भिंतीला नाक लावून उभ्या असतात आणि माझी एकटीची स्कूटी उलटी, तोंड गेटाकडे. खालच्या मजल्यावरचे एक रिटायर्ड गृहस्थ परवा म्हणाले, "मॅडम, तुमाले रोज कुठी पळून जाचं राह्यते का हो?" मी म्हटलं, "पळायची वेळ आलीच तर गाडी वळवत बसायला नको म्हणून." ते बिचारे माझ्याकडे बघतच राहिले. त्यांचा दोष नाही. जानेफळला सुभेदारांनी हेच मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मीही तशीच बघत राहिले होते.

नर्स म्हणून मी जानेफळच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि राहायला खोली शोधत त्यांच्या दारात गेले. फौजेच्या गाड्यांच्या पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला माणूस. सगळं गाव त्यांना सुभेदारच म्हणायचं. झुबकेदार पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा पायजमा आणि त्याखाली फौजी बूट. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, ते माझ्या स्कूटीकडे बघत होते.

"ही गाडी कोणं लावली?"

"मी."

"कोणी मागं लागलं तं वळवाले केवढा टाइम लागंल, इचार केला का?"

"काका, जानेफळात माझ्या मागं कोण लागणार?"

आतून त्यांच्या बायकोचा, काकूंचा, आवाज आला, "लागंल वं माय, तरणी पोरगी हाय तू. ह्याईच्या नादी लागू नोको. हो म्हण अन् सामान आत आण."

सुभेदारांनी स्वतः स्कूटी वळवली, तोंड रस्त्याकडे केलं आणि हात झटकत म्हणाले, "आता बसा." मग चौकशी सुरू झाली. घरमालक विचारतात त्यातलं एकही विचारलं नाही. रोज कुठं जाता, कोणत्या रस्त्यानं जाता, दुसरा रस्ता माहीत आहे का, परत कधी येता. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, म्हातारा भलताच चौकस दिसतो, ही खोली काही आपल्याला झेपायची नाही. पण काकूंनी तोवर चहा आणला होता, आणि चहाबरोबर डोळा मारला होता. मी राहिले.

पहिल्याच आठवड्यात एका बाळंतपणात अडकले आणि यायला उशीर झाला. येऊन पाहते तर दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसलेली, ताटं पालथी. मला बघताच काकू उठल्या. "आली वं बाई एकदाची. आता मले भाकर टाकू द्या."

मी चिडले. "तुम्ही माझ्यासाठी उपाशी कशाला बसता? मी काय लहान आहे?"

"तुमच्यासाठी नाही बसलो," सुभेदार शांतपणे म्हणाले. "कायदा हाय."

हा कायदा असा, की त्या घरातून सकाळी जो बाहेर पडला तो परत आल्याशिवाय रात्रीचं जेवण वाढायचं नाही. मग तो मुलगा असो, भाडेकरू असो, की मेहकरला बाजाराला गेलेला गडी असो. मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याला कायद्यातून सूट मिळाली, कारण तो तिकडच्या घरून निघतो आणि तिकडच्या घरी येतो. सूट देतानाही सुभेदारांनी सुनेला फोन करून सगळं समजावलं होतं म्हणे. सून हुशार. "हो बाबा" म्हणाली आणि साडेसातला जेवायला लागली.

हे सगळं त्यांनी आणलं होतं आफ्रिकेतून. तिकडच्या एका देशात लढाई पेटलेली, माणसं गावं सोडून पळालेली. त्यांना धान्य, औषधं, ताडपत्र्या द्यायला देशोदेशीच्या संस्थांची माणसं जायची, आणि दोन्ही बाजूंचे बंदूकवाले त्यांनाच लुटायचे, कधी मारायचे. मग बऱ्याच देशांच्या सरकारांनी मिळून आपापली फौज त्यांच्या राखणीला पाठवली. आपल्या सरकारनंही पाठवली, आणि तीत निळी टोपी घालून आमचे सुभेदार गेले. मदतीच्या गाड्यांच्या पुढं एक आणि मागं एक फौजी गाडी चालवायची, एवढंच त्यांचं काम. त्या डॉक्टर-नर्स-धान्यवाल्यांना ते "मदतवाले" म्हणत.

गावातली पोरं लढाईच्या गोष्टी ऐकायला यायची आणि हिरमुसून जायची. सुभेदारांच्या गोष्टीत फक्त चिखल असायचा. चिखलात रुतलेला ट्रक, चिखलातून काढलेला ट्रक, आणि रस्त्यात बसलेली गाय, जिचा मालक सापडेपर्यंत सगळा ताफा थांबलेला. "पण गोळीबार?" एखाद्यानं विचारलंच तर म्हणायचे, "झाला ना. आमी टायर काढून राह्यलो होतो तेव्हा तिकडं कुठीतरी झाला."

जेवणाच्या कायद्यामागची गोष्ट मात्र त्यांनी एकदाच सांगितली. आम्ही तिघं अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होतो. मीच खोदून विचारलं. तिथला एक स्थानिक ड्रायव्हर मदतवाल्यांची औषधाची गाडी चालवायचा. संध्याकाळी तळावर परत आला की फाटकात लांब हॉर्न द्यायचा, झोपलेली माणसं उठतील असा. सगळे त्याला शिव्या घालायचे. एके संध्याकाळी कोणाला तरी बढती मिळाली म्हणून मेसमध्ये शिरा होता. सगळे पोटभर जेवले, गाणी म्हटली, झोपले. हॉर्न वाजलाच नाही हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

"सकाळी गाडी सापडली," सुभेदार म्हणाले. "तो नाही सापडला."

 हातातली शेंग सोलून ते पुढं म्हणाले, "मी नसतो जेवलो तं तो वाचला असता, असं नाही. एवढं मले समजते. पण पोट भरलं की माणूस इसरते. भुका असला की इचारते, कोण राह्यलं बाहेर म्हणून."

 मग काकू म्हणाल्या, "तवापासून आमच्या घरी शिरा बंद. अन् मले लै आवडते शिरा. भाचीच्या घरी जाऊन खातो मी चोरून." सुभेदार मिशीत हसले. त्यांना ते माहीत होतं.

आता तुम्ही म्हणाल, असा माणूस म्हणजे मोठा शहाणा. छे. त्यांच्या शहाणपणानं आम्हाला घाम फोडला होता.

डोंगराकडच्या एका वस्तीत कोणीतरी मोबाईलवर पसरवलं होतं की आम्ही लहान पोरांना टोचत फिरतो त्या लशीनं पोरं लुळी पडतात. मागच्या फेरीला तिथं आमच्या आशाताईंवर दगड भिरकावले गेले होते. म्हणून या खेपेला सरकारनं आमच्या बरोबर एक पोलीस दिला. ही बातमी ऐकली आणि सुभेदारांच्या अंगात वारं संचारलं. सकाळी भाड्याची जीप दारात आली तेव्हा ते आधीच तयार होते. मी गाडीत बसायला गेले तर पाय ठेवायला जागा नाही. खाली त्यांनी रेतीचे कट्टे, म्हणजे रेतीनं भरलेली पोती, अंथरून ठेवलेली.

"काका, हे काय?"

"सुरुंग असला तं रेती झटका खाते."

ड्रायव्हर म्हणाला, "सुभेदार, इथं सुरुंग नाई हो, गड्डे हायेत." पण त्यांनी ऐकलं नाही. वर जीपला काठी बांधून पांढराशुभ्र झेंडा लावलेला. लांबून दिसावं की आपण मदतवाले आहोत, कोणाच्या बाजूचे नाही. तो झेंडा म्हणजे काकूंची नवी चादर होती, हे काकूंना आम्ही निघाल्यावर कळलं. चढावर कट्ट्यांच्या वजनानं जीप धापा टाकायला लागली आणि आम्ही सगळे उतरून, रेतीला गाडीत बसवून, मागून ढकलत वर गेलो.

वस्तीच्या अलीकडे कडुनिंब होता. सुभेदारांनी तिथं पोलिसाला उतरवलं. "जमादार, तुमी इथं रस्ता राखा. आत मी अन् सिस्टर." मला म्हणाले, "पोलिसाची काठी संगं नेली तं लस सरकारची होते. चहा पेलो तं सिस्टरची होते." जमादारांना काय, सावली मिळाली.

आम्ही आत शिरलो आणि घराघरांतून माणसं बाहेर आली. मी दगडाच्या भीतीनं लशीचा डबाच छातीशी धरला. पण दगड आले नाहीत. दिवस निवडणुकीचे होते. झेंडा लावलेली जीप आणि हात जोडून उतरलेला मिशीवाला म्हातारा पाहून सगळ्या वस्तीला वाटलं, उमेदवार आला. एका म्हातारीनं पदर खोचला आणि सुभेदारांना जी झोडायला सुरुवात केली.

"मागच्या खेपेले नळ देतो म्हणला होता तू. कुठी हाय नळ?"

"माय, मी तो नोहे."

"निवडून आल्यावर सगळे असंच म्हणते."

सुभेदारांनी उमेदवार नसल्याचं पटवून द्यायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला आणि ओट्यावर बसून शिव्या खाल्ल्या. नळाच्या खाल्ल्या, रस्त्याच्या खाल्ल्या, शाळेच्या गळक्या छपराच्या खाल्ल्या. मधूनमधून प्रत्येक घरचा चहा प्यायला. उमेदवाराला झापायला सगळ्या बाया लेकरं कडेवर घेऊन एकाच जागी जमल्या होत्या. मी हळूच डबा उघडला. म्हातारीनंच स्वतःचा नातू पुढं केला, म्हणाली, "टोच वं बाई. तुह्यावर राग नाही आमचा." तिथली सगळी पोरं त्या दिवशी टोचून झाली.

परत येताना मी म्हटलं, "काका, तुमच्या झेंड्यानं घोळच केला होता." ते म्हणाले, "घोळ झाला, पण काम झालं." आणि पुढं कित्येक महिने पंचायत समितीत चकरा मारून त्यांनी त्या वस्तीला नळ आणवला. न लढलेल्या निवडणुकीतलं आश्वासन पाळणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. चादरीपायी काकू मात्र बरेच दिवस त्यांच्याशी तिरक्या बोलत होत्या.

मग माझं जायचं निघालं. परदेशात मदतीचं काम करणाऱ्या एका संस्थेत मी नर्स म्हणून अर्ज केला होता आणि निवड झाली. देशही तोच, सुभेदारांचा. लढाई अजून चालूच होती तिथं. आमचे बाबा पिंपळगाव राजाला असतात. ते फोनवर म्हणाले, "मले त्यातलं काही समजत नाही. सुभेदार साहेबांनी पाह्यलं हाय ते. ते हो म्हणले तं जाय, नाही म्हणले तं नाही." मी मनात टाळ्याच पिटल्या. ज्या माणसानं मदतवाल्यांना जीव लावून राखलं तो मला नाही म्हणेल?

तो म्हणाला, "नाही."

मी रडले, भांडले. "तुम्ही ज्यांना राखलं त्या पोरी चांगल्या, आणि मी गेले तर चूक?"

"त्याईले राखाले मी होतो," सुभेदार म्हणाले. "तुले कोण हाय?"

 याचं उत्तर काकूंकडे होतं. त्या चुलीपुढूनच म्हणाल्या, "काऊन? तुमी रिटायर झाले तं सरकारची फौज बंद पडली काय?"

 दुसऱ्या दिवसापासून सुभेदारांचा फोन सुरू झाला. जुन्या पलटणीतल्या ओळखी काढून विचारलं की आपले निळ्या टोपीवाले आता कुठं आहेत, कोणता रस्ता राखतात. तिथल्या आपल्या वकिलातीत नाव नोंदवतात ते कसं, हे मला पुन्हा पुन्हा विचारून पाठ करायला लावलं. सरकार त्या देशाबद्दल काय इशारा देतं ते रोज सकाळी चष्मा लावून वाचायचे आणि दिवसभर तोंड पाडून बसायचे. संस्था गाडीत बंदूकवाला घेते का? नाही घेत? मग रस्ता कोण राखतं? मी सांगायची, रस्ता फौज राखते, गावात आम्ही आमचे जातो. "म्हंजे जमादार निंबाखाली," ते म्हणायचे, आणि जरासे खूश व्हायचे.

शेवटी एक दिवस बसनं पिंपळगाव राजाला गेले. बाबांनी नंतर सांगितलं, चहा झाला, पीकपाणी झालं, आणि उठताना म्हणाले, "पाठवा. पोरगी गाडी बरोबर लावते." बाबांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण सुभेदार साहेब म्हणाले म्हणून त्यांनी मला पाठवलं.

सुभेदारांनी मला एकच अट घातली. रोज संध्याकाळी तळावर पोचले की एक शब्द पाठवायचा, "आली". बाकी गप्पा नकोत.

अट साधी वाटली. पण आपली घड्याळं तिकडच्यापेक्षा बरीच पुढं. माझी संध्याकाळ व्हायची तेव्हा जानेफळात निम्मं गाव झोपलेलं असायचं. काकू फोनवर ओरडायच्या, "दहा वाजते वं माय जेवाले. माह्या पोटात कावळे कोकलून राह्यले." मी म्हणायची, तुम्ही तरी जेवून घ्या. त्या म्हणायच्या, "मी कशी जेवू? तू माह्याच घरून गेली ना?" हळूहळू गल्लीला ते कळलं. किराणावाला दुकान बंद करताना विचारायचा, "आली का?" भजनी मंडळी टाळ ठेवताना विचारायची, "आली का?" आली म्हटलं की दिवे मालवायचे. माझ्या येण्याजाण्याची एवढी चौकशी माझ्या सख्ख्या भावानं कधी केली नाही.

एकदा आमच्या गटाच्या प्रमुखाला वाटलं, अजून उजेड आहे, आणखी एक गाव करू. सगळे तयार झाले. मी म्हटलं, माझ्या घरी माणसं जेवायची थांबली आहेत. सगळे खो खो हसले. पण मी हटून बसले, आणि आम्ही वेळेत परत आलो. त्या रस्त्यावर त्या संध्याकाळी काही झालं असतं की नाही, कोणास ठाऊक. बहुतेक काहीच झालं नसतं. पण त्या दिवसानंतर संध्याकाळ कलली की गटातलंच कोणीतरी म्हणायचं, चला, भारतात भाकरी थांबलीय.

आणि मग ती वेळ आलीच. शहराच्या त्या अंगाला गोळीबार सुरू झाला. आम्ही होतो त्या दवाखान्याच्या तळघरात रोग्यांबरोबर आम्हीही कोंडलो गेलो, आणि फोनचा मनोरा बंद पडला. मला गोळ्यांची भीती वाटलीच, खोटं कशाला सांगू. पण अंधार पडायला लागला तशी दुसरीच काळजी सुरू झाली. मी "आली" पाठवू शकत नव्हते. तिकडं दोन म्हाताऱ्यांची ताटं पालथी होती. दुसऱ्या दिवशीही होती. तो विचार गोळ्यांपेक्षा जास्त छळत होता.

तिसऱ्या दिवशी निळ्या टोपीवाल्यांच्या गाड्या आल्या. आम्हाला आणि रोग्यांना आत चढवलं. मी पाय टेकवला तर खाली काहीतरी मऊ लागलं. रेतीचे कट्टे. सगळ्या गाडीभर, ओळीनं. मला एकदम ती धापा टाकणारी जीप आणि "गड्डे हायेत" म्हणणारा ड्रायव्हर आठवला आणि मी हसत सुटले, इतकी की शेजारच्या डॉक्टरीणबाईंना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. दाराशी उभा असलेला जवान आपलाच होता, नांदुऱ्याकडचा निघाला. त्यानं एकेकाच्या डोक्यावरून बोट फिरवत मोजलं आणि आत डोकावून विचारलं, "सगळे आले?" तेव्हा मात्र मला रडू आवरेना. तळावर पोचल्या पोचल्या फोन लागला आणि मी तो एक शब्द पाठवला.

काकूंनी नंतर सगळं सांगितलं. पहिल्या रात्री त्यांनी वांग्याचं भरीत केलं होतं. ते तसंच राहिलं. दुसऱ्या रात्री त्या खोटं बोलल्या, "तिचा निरोप आला, बरी हाय म्हणे." सुभेदार म्हणाले, "ती बरी हाय नाही म्हणत. आली म्हणते." आणि उठून ओसरीवर जाऊन बसले. जानेफळच्या आरोग्य केंद्रातले आमचे डॉक्टर येऊन रागावून गेले, तेव्हा कुठं कपभर चहा घेतला. निरोप आला त्या रात्री गल्लीतल्या कोणीतरी फटाके लावले म्हणे. सुभेदारांनी त्यालाही झापलं, फटाक्यांचा आवाज त्यांना आवडत नाही.

करार संपला आणि मी परत आले. पिंपळगाव राजाला आईबाबांना भेटून जानेफळला पोचले तेव्हा दुपार टळून गेली होती. माझी स्कूटी अंगणात पुसून ठेवलेली, तोंड रस्त्याकडे. सुभेदार ओसरीवर बसले होते. उठले नाहीत. माझ्या मागं रस्त्याकडे पाहिलं.

"तुह्या गटातले बाकीचे?"

"सगळे आपापल्या घरी गेले काका. सगळे आले."

त्यांनी मान डोलावली आणि आत हाक मारली, "वाढ वो."

काकू बाहेर आल्या. "आता काय वाढू? जेवले ना दुपारी?"

"ते आजचं झालं. त्या दोन दिसाचं बाकी हाय."

मला वाटलं, आता काकू त्यांचा उद्धार करतील. पण त्या सरळ आत गेल्या. वांगी सकाळीच भाजून ठेवलेली होती. भरीत आलं, गरम भाकर आली, आणि शेवटी झाकलेली एक वाटी आली. काकूंनी झाकण काढलं. शिरा होता.

सुभेदार वाटीकडे बघत राहिले. काकूंनी कमरेवर हात ठेवले. "सगळे आले म्हणली ना ती? मंग खा."

त्यांनी एक घास घेतला. सावकाश चावला. डोळे भरून आले होते ते त्यांनी लपवले नाहीत. मग वाटी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "साखर कमी हाय."

"असू द्या," काकू म्हणाल्या, आणि स्वतःसाठी मोठी वाटी घेऊन आमच्यात येऊन बसल्या.